अक्का, पाच कोश आणि इतर

१ डिसेंबर, सोमवार

ही वही मला माझ्या भाच्यामुळे, प्रसन्नमुळे लिहावी लागते आहे. काल तो आला, आईच्या पलंगाशी दहा मिनिटं उभा राहिला, बाहेर येऊन म्हणाला, "मामी, शरीर आहे. अम्मा नाही."

सिरुसेरीच्या रस्त्यावर त्याने म्हाताऱ्यांचं एक निवासस्थान बघून ठेवलं आहे. त्याच्या ऑफिसपासून वीस मिनिटं, चोवीस तास नर्स. फॉर्म खिशात होता. भरलेला, सही बाकी.

मी म्हटलं, माणसाचे पाच कोश असतात, तू एकच मोजलास. तो कॉम्प्युटरवाला. म्हणाला, उरलेल्या चारांचा डेटा द्या.

शेवटी ठरलं ते असं. एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. इथे तमिळ मुलखात औषध असो की व्रत, मुदत तेवढीच. रोजचं मी लिहायचं. १७ जानेवारीला तो वही वाचणार. आत आई दिसली तर फॉर्म फाडणार. नाही दिसली तर अक्का सिरुसेरीला.

अक्का म्हणजे प्रसन्नची आई, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, पण घरात मराठी. वय ७६. ऑक्टोबरात झटका आला. उजवी बाजू लुळी, वाचा बंद. दवाखान्यातून आल्यापासून माझ्याकडे, पहिल्या मजल्यावर. तळमजल्यावरचं त्यांचं घर कुलूपबंद. किल्ल्या माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला.

पान आखलं. पाच रकाने: अन्न, प्राण, मन, विज्ञान, आनंद. सहावा अरुंद: इतर. कशातही न बसणारं त्यात.

एकतीस वर्षं गणित शिकवलं. पहिलं प्रकरण पक्कं झाल्याशिवाय दुसरं काढायचं नाही. इथेही तेच.

२ डिसेंबर

अन्नमय. सकाळी इडली अर्धी, तीही कुस्करून. दुपारी ताकभात सहा चमचे. संध्याकाळी कॉफी दोन घोट, बाकी हनुवटीवरून खाली. रात्री कंजी, म्हणजे पेज, चार चमचे.

डोळे उघडे. बघतात कुठे ते सांगता येत नाही.

डाव्या हाताला बळ आहे. चादर घट्ट धरतात.

३ डिसेंबर

रात्रभर पाऊस. गल्लीत पोटरीभर पाणी, वीज नाही. अंधारात दुधाचं भांडं उचललं ते झाकणासकट अंगावर. साडी, जमीन, पलंगाखालची चप्पल, सगळं दूध. मी स्वतःलाच चांगलं फैलावर घेतलं.

त्याच वेळी अक्कांच्या घशातून आवाज. खोकला नव्हे. दोन-तीन हुंकार लागोपाठ. खांदा हलला.

प्रकरण पहिलं चालू असल्याने नोंद 'इतर'मध्ये.

५ डिसेंबर

पाणी ओसरलं. योगवर्गाला जाऊन आले. नऊ वर्षं जाते, एक आठवडा चुकला तर अंग धरतं. जयंती टीचरने फळ्यावर पुन्हा तीच पाच वर्तुळं काढली, एकात एक. अन्नाचं शरीर बाहेर, त्याच्या आत श्वासाचं, मग मनाचं, मग जाणतेपणाचं, सगळ्यांत आत आनंदाचं. गेल्या महिन्यात मी तिला विचारलं होतं की बाहेरची दोन वर्तुळं मोडली तर आतली राहतात का. तेव्हा ती म्हणाली होती, घरी येऊन बघते. आज म्हणाली, पुढच्या शुक्रवारी येते.

७ डिसेंबर, रविवार

प्रसन्न आला. आईशी तमिळमध्ये, मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं. "अम्मा, मी कोण? मी कोण?" तीनदा. अक्कांनी डोळे मिटले. त्याने माझ्याकडे बघितलं. बघा, असं ते बघणं.

मी म्हटलं, मला कोणी तीनदा हेच विचारलं असतं तर मीही मिटले असते.

जाताना जिन्यात थांबला होता. भिंतीला हात लावून. मी वरून बघितलं, हाक मारली नाही. वाईट मुलगा नाही. थकलाय. ऑक्टोबरपासून रोज दवाखाना, मग ऑफिस, मग दवाखाना.

९ डिसेंबर

पहिलं यश. नीट लिहिते.

आठवडाभर कॉफी परत येत होती. गिळता येत नाही म्हणून, असं मी धरून चालले. आज दुपारी सहज त्यांच्या घरातून त्यांचा पितळी फिल्टर आणला, आणि स्टेशनजवळच्या ज्या दुकानातून त्या चाळीस वर्षं पूड आणत तिथून पूड. चिकोरी नाही. पहिला डिकॉक्शन, दूध उकळतं.

टंबलर पूर्ण रिकामा. एक थेंब हनुवटीवर नाही.

म्हणजे गिळता येत होतं. माझी कॉफी नको होती. लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले त्या आठवड्यात म्हणाल्या होत्या, "वत्सला, तुझी भाषा पुस्तकातली, तुझी कॉफी दवाखान्यातली." मत बदललेलं नाही.

अन्नमय: उत्तीर्ण.

१२ डिसेंबर

जयंती आली. प्राणमय सुरू. अक्कांच्या पाठीशी उशा, तिचा तळहात त्यांच्या बरगडीवर. श्वास आत सहा मोजेपर्यंत, बाहेर आठ. आधी जयंतीने स्वतः केला, मग त्यांच्याबरोबर. चौथ्या-पाचव्या फेरीला दोघींचे श्वास एकत्र लागले. मग ओठ मिटून भ्रमरासारखा आवाज. अक्कांचा आला. बारीक, घोगरा, पण आला.

दिवसातून तीनदा करायचा. तक्ता भिंतीला लावला.

टेबलावर अक्कांचा जुना रेडिओ आहे. जयंतीने लावू का विचारलं. गाणं पाचव्या कोशात, म्हटलं. आत्ता लावलं तर लक्ष विचलित होईल.

१४ डिसेंबर, रविवार

प्रसन्नला भ्रमराचा आवाज ऐकवायचा होता. अक्का पूर्ण गप्प. अर्धा तास वाट बघितली. तो म्हणाला, असू दे मामी.

तो गेल्यावर पाच मिनिटांत गुणगुण सुरू.

माझ्या वर्गातही अशा मुली असत. इन्स्पेक्शनच्या दिवशी तोंडात मूग.

१७ डिसेंबर

कालपासून मार्गळी, इथला भजनांचा आणि व्रतांचा महिना. पहाटे पाचला भजनवाले गल्लीतून गेले, टाळ घेऊन. थंडी म्हणतात इथे या गारव्याला, कानटोप्या घालतात.

प्राण: फेऱ्या तीन वेळा, व्यवस्थित. श्वास बाहेर दहापर्यंत.

इतर: पहाटे पाच ते पाच दहा, डाव्या हाताची बोटं चादरीवर हलत होती. करंगळी, मग अनामिका, मग मधलं, पुन्हा तळवा. कारण अज्ञात.

१९ डिसेंबर

खालच्या दारापुढची फरशी कोरी आहे. मार्गळीत सबंध गल्लीत प्रत्येक दारी कोलम, तांदळाच्या पिठाची रांगोळी, फक्त अक्कांच्या दारी नाही. समोरच्या बाई म्हणाल्या, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मला ते टोचलं.

अक्कांना खुर्चीत बसवून गॅलरीत नेलं. तिथून खालचा उंबरा सरळ दिसतो. मी खाली गेले, पाणी शिंपडलं, ठिपके काढले, सातापासून एकापर्यंत, आणि सातारच्या पद्धतीने जोडले. गुडघे बोलत होते.

वर बघितलं. अक्का बघत होत्या. इतकं निश्चित की त्या *माझ्याकडे* बघत होत्या. कपाळाला आठी.

उन्हाने असेल.

२१ डिसेंबर, रविवार

मनोमय कोश. आज. साक्षीदारासमोर.

प्रसन्न पलंगाशी बसून मला फॉर्मबद्दल सांगत होता. खोली पूर्वेची मिळेल, बाग आहे, आठवड्याला एक भजन. आईसमोरच, आई म्हणजे कपाट असावं तसा. अक्कांच्या डाव्या हातात चमचा होता. तो आला प्रसन्नच्या कानाजवळून आणि भिंतीवर आपटला. रसमचा ओघळ अजून भिंतीवर आहे. पुसणार नाही.

मी म्हटलं, लिही, राग आला.

तो म्हणाला, रिफ्लेक्स असेल, मामी. स्नायूंचा झटका.

"स्नायूंना तुझा कान कुठे आहे ते बरोबर कळलं की."

तो हसला नाही. पण कान चोळत बसला होता. फॉर्म पुन्हा खिशात गेला.

माणसाला राग आल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झालेला नाही. मनोमय: उत्तीर्ण, विशेष गुण.

२३ डिसेंबर

कालपासून रडतात. आवाज नाही, नुसतं पाणी. मन परत आलं म्हणजे दुःखही आलंच. त्यांना आता कळतंय काय झालंय ते. दोन महिने कळत नव्हतं ते बरं होतं का, असा प्रश्न मनात आला. आला तसा हाकलला.

बसून राहिले. हात धरला. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकींचा हात धरलेला मला आठवत नाही. तशा आम्ही नाही.

२६ डिसेंबर

ताप. १०२. छातीत घरघर. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, रात्र बघू, वाढला तर भरती करा.

रकाने सगळे रिकामे.

२७ डिसेंबर

अन्न: नाही. प्राण: उथळ, मोजता येत नाही. मन: माहीत नाही.

प्रसन्न रात्रभर खुर्चीत. सकाळी म्हणाला, तिथे असती तर नर्स होती. खरं आहे.

२९ डिसेंबर

ताप उतरला. कॉफी अर्धा टंबलर.

अठ्ठेचाळीसपैकी एकोणतीस गेले. पहिल्या प्रकरणापासून पुन्हा. प्रसन्नने जाताना विचारलं, मामी, तुम्हालाही सत्तरी लागेल, किती दिवस असं? मी म्हटलं, एकोणीस.

१ जानेवारी

सगळी गाडी पुन्हा रुळावर. श्वास आठपर्यंत. खुर्चीत एक तास.

खालचा कोलम मी रोज काढते आहे. अक्का रोज गॅलरीतून बघतात. आठी रोज.

२ जानेवारी

आजचं आधी लिहून ठेवते.

सकाळी सहा वाजता खाली कोलम संपवून वर आले. खुर्ची आत घ्यायला वाकले. अक्का म्हणाल्या,

"चुकलं."

स्वच्छ. 'च' जरा जड, पण स्वच्छ. मी म्हटलं, काय? पुन्हा: "चुकलं." आणि डाव्या हाताने खाली बोट.

एकतीस वर्षं लाल पेनाने हा शब्द मी मुलींच्या वह्यांवर लिहिला. मला कोणी म्हणेल असं वाटलं नव्हतं. गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिले आणि खाली बघितलं. वरून पहिल्यांदाच बघत होते. ठिपक्यांना ठिपके जोडलेली माझी ती चांदणी. शेजारच्या प्रत्येक दारी रेघ ठिपक्याच्या भोवतीने वळसा घेत गेलेली, एकाही ठिपक्याला न लागता, जिथे निघाली तिथेच परत येऊन मिटलेली. चाळीस वर्षं मी या कोलमांवरून पाय उचलून चालले आणि एकदाही ते बघितलं नाही.

चूक ओळखणं म्हणजे बुद्धी. विज्ञानमय कोश. चौथा. चार झाले.

३ जानेवारी

पितळी ताटात तांदळाचं पीठ पसरून अक्कांच्या मांडीवर दिलं. डावं बोट. ठिपके तीन, दोन, एक, आणि ते एकमेकांच्या फटींत. मग रेघ. दुसऱ्या वळणावर बोट थांबलं. मी शिकवायला गेले तर हात झटकला. पुसलं. पुन्हा. पुसलं. पुन्हा. एकवीस मिनिटांनी रेघ मिटली.

रेघ ठिपक्याला लागत नाही, पण ठिपका नसेल तर रेघ वळणार कुठे. जयंतीला सांगायला हवं. तिच्या पाच वर्तुळांत ठिपकाच नाही.

४ जानेवारी, रविवार

प्रसन्नला सगळं सांगितलं. 'चुकलं' सांगितलं. ताट दाखवायला गेले, अक्का झोपल्या होत्या. उठवल्या, पुन्हा झोपल्या.

तो हळू म्हणाला, "मामी, तुम्ही मार्क वाढवताय."

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

रात्री झोप नाही. एकतीस वर्षांत पालक आले, संस्थेचे लोक आले, एकदा तर आमदाराची पुतणी होती. अर्धा मार्क वाढवला नाही.

६ जानेवारी

कालपासून जिना. चौदा पायऱ्या. जयंती खाली, मी वर, पट्टा कमरेला. काल दोन उतरलो आणि परत. आज चार. अक्का घामाघूम. चौथीवर बसल्या आणि समोरच्या बाईंनी पाळलेल्या बोक्याकडे बघत राहिल्या. बोका कोलमवर लोळला, पांढरा झाला, शिंकला.

इतर: हुंकार, खांदा हलला. ३ डिसेंबरसारखा.

९ जानेवारी

जयंतीने आज वही मागितली. तिला मराठी वाचता येत नाही. मी वाचून दाखवत गेले, तमिळ करून. पाचवा रकाना सबंध वहीत रिकामा का, विचारलं.

म्हटलं, अजून तिथे पोचलो नाही. आठ दिवस आहेत. चौथा पक्का झाला की घेणार.

ती म्हणाली, "टीचर, तुम्ही अक्कांना वरच्या वर्गात चढवताय. हे वर्ग नाहीत. आतला कोश बाहेरच्यात भरलेला असतो, कडेपर्यंत, त्याच आकारात. साच्यात ओतल्यासारखा."

तर मग फळ्यावर वर्तुळं कशाला काढतेस, मी विचारलं.

"फळा सपाट आहे म्हणून."

मग म्हणाली, तो शेवटचा अरुंद रकाना वाचा. त्यात काय लिहिलंय?

वेळ झाली म्हणून गेली. मी वाचलं नव्हतं. रात्री वाचलं.

१० जानेवारी

'इतर' रकान्यातलं, फक्त तेवढंच, इथे उतरवते:

३ डिसें. माझ्या अंगावर दूध सांडलं, घशातून आवाज, खांदा हलला.
११ डिसें. खिडकीत चिमणी, मान त्या बाजूला, बराच वेळ.
१७ डिसें. बोटं चादरीवर. पाच ते पाच दहा. कारण अज्ञात.
१८ ते २५ डिसें. बोटं, वरीलप्रमाणे, रोज.
२० डिसें. ताज्या कढीलिंबाची काडी नाकाशी धरली, डोळे मिटले, ओठ सैल.
२८ डिसें. ताप असूनही पहाटे बोटं. थोडा वेळ.
६ जाने. बोका.

'कारण अज्ञात.' पहाटे पाचला भजनवाले जातात हे त्याच पानावर, दोन ओळी वर, मीच लिहिलंय. करंगळी, अनामिका, मधलं, तळवा. बाई ताल मोजत होत्या. ताप असताना मोजत होत्या. आणि मी रेडिओ बंद ठेवला, कारण गाणं पाचव्या प्रकरणात होतं.

ज्या दिवसांत त्यांना गिळता येत नाही असं मी धरून चालले होते त्याच दिवसांत त्या मला हसल्या होत्या. तिसऱ्या दिवशीच. तिथे त्या होत्याच. मी रकाना चुकवला.

चुकलं. लाल पेनाने पाचव्या रकान्यात सगळ्या तारखांना बरोबरच्या खुणा केल्या. हे मार्क वाढवणं नव्हे. हे उशिरा तपासणं.

रेडिओ लावला.

११ जानेवारी, रविवार

प्रसन्नचा फोन, ऑफिसचं काम, येणार नाही. बरं झालं. आम्हाला वेळ नव्हता. दिवसभर गाणं. अक्का उजव्या मांडीवर डावा हात आपटून ताल धरतात. एका ठिकाणी गाणारी बाई घसरली असावी. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण ते बघणं मी वर्गात रोज बघत असे: माझंच.

१३ जानेवारी

बारा पायऱ्या. दोन राहिल्या.

समोरच्या बाई दारात उभ्या राहून मोजत होत्या. तमिळमध्ये मोठ्याने. बोकाही होता.

१४ जानेवारी, भोगी

चौदा.

पहाटे गल्लीत जुन्या चटया, झाडू जाळत होते, धूर डोळ्यांत. जयंती सहाला आली. अक्का उतरल्या. मध्ये दोनदा बसल्या. शेवटच्या पायरीवर मी हात पुढे केला तो बाजूला केला, भिंत धरली आणि उतरल्या.

त्यांच्या दारापुढे बुटकं स्टूल ठेवलं. मी पाणी शिंपडलं, डबा हातात दिला. डाव्या हाताने पीठ. ठिपके पाच ते एक. रेघ मध्येच जाड, मध्येच बारीक, एका जागी तुटली तिथे परत येऊन सांधली. पाऊण तास. समोरच्या बाई आपला कोलम अर्धा टाकून येऊन उभ्या राहिल्या. रेघ निघाली होती तिथे येऊन मिटली.

एकाही ठिपक्याला लागली नाही.

समोरच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, धूर फार आहे. मी म्हटलं, हो, आहेच.

वर येऊन तिळगूळ केला. अक्कांनी दोन खाल्ले, तिसरा माझ्या हातात ठेवला. गोड बोला म्हणायला मीच विसरले.

१५ जानेवारी, पोंगल

शब्द: पाणी. पुरे. वत्सला. गूळ. नको. चुकलं (दोनदा, एकदा माझ्या पोंगलच्या गोड भाताला, एकदा रेडिओला).

१६ जानेवारी

उद्या तो येणार. वही पूर्ण आहे. पण त्याच्यासमोर अक्का तोंड उघडतील याची खात्री नाही. आतापर्यंत तीनदा मिटून बसल्या. उद्याही बसल्या तर माझ्याकडे फक्त माझं अक्षर आहे, आणि त्याच्या मते ते मार्क वाढवतं.

रात्री अक्कांना सगळं सरळ सांगितलं. फॉर्म, मुदत, उद्या. म्हटलं, तुमच्यापाठीमागे हे ठरवलं, तेही चुकलं. त्या छताकडे बघत राहिल्या. कळलं का विचारलं नाही. कळलं असेल तर विचारणं अपमान, नसेल तर निरर्थक.

१७ जानेवारी, शनिवार

हे सुट्ट्या कागदावर लिहिते आहे, कारण वही आता माझ्याकडे नाही.

प्रसन्न दहाला आला. सोफ्यावर बसून वही वाचली. मराठी त्याला सावकाश वाचावं लागतं, ओठ हलतात. सव्वा तास. २१ डिसेंबरला कानाला हात गेला. ४ जानेवारीला मान खाली. १० जानेवारीचं पान दोनदा वाचलं.

मग उठून आत गेला, खुर्ची ओढली, आईच्या समोर बसला. आणि तमिळ नाही, मराठीत, अडखळत, लहानपणी बोलायचा तसं:

"अम्मा, तू कुठे राहणार?"

फॉर्म उलगडून आईच्या मांडीवर ठेवला. मी दारात.

अक्कांनी फॉर्म बघितला. मग त्याला बघितलं. "नको."

त्याचा चेहरा मी लिहिणार नाही. तो त्याचा आहे.

मी म्हटलं, मी म्हटलं नव्हतं? इथेच राहतील, माझ्याकडे. तुमची खोली आहेच, अक्का, मी जिन्याला कठडा…

"नको."

मला. माझ्याकडे बघून. मग डावा हात उचलून स्वयंपाकघराच्या दाराकडे दाखवला. तिथे खिळा. खिळ्याला किल्ल्या.

"घर."

मी अठ्ठेचाळीस दिवस हे सिद्ध करत होते की या बाईला स्वतःचं मत आहे. ते माझ्या बाजूचंच असेल असं कुठल्या रकान्यात लिहिलं होतं?

आधी प्रसन्न हसला. मग तोच आवाज, ३ डिसेंबरचा, खांदा हलला. शेवटी मी. मी फार हसले. साडीच्या पदराने डोळे पुसावे लागले. धूर नव्हता.

प्रसन्नने फॉर्म फाडला नाही. घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, आणखी एक मंडल, खाली, अम्माच्या घरी. आठवड्यातून चार रात्री मी तिथे झोपीन, तीन रात्री तुम्ही लक्ष ठेवा. मग बघू. मी म्हटलं, जिन्याच्या तोंडाशी घंटा लावून दे. आजच. तो हार्डवेअरच्या दुकानात गेला.

संध्याकाळी खाली नेऊन हवाली केलं, ते असं:

किल्ल्या दोन. अक्कांच्या डाव्या हातात. त्यांनी स्वतः कुलूप उघडलं, तिसऱ्या प्रयत्नात.
पितळी फिल्टर, पुडीचा डबा भरून.
रेडिओ, नवे सेल घालून.
तांदळाच्या पिठाचा डबा.
श्वासांचा तक्ता. मी खाली भिंतीवर लावला, अक्कांनी तो काढून मला परत दिला. पाठ झालाय, असा अर्थ मी घेतला.
वही, एक. प्रसन्नला द्यायची ठरली होती. त्याने हात पुढे केला तेव्हा अक्कांनीही केला. दोघांनी थोडा वेळ धरून ठेवली. मग त्याने सोडली.

अक्का पलंगावर बसल्या, वही मांडीवर घेतली, मधलंच एक पान उघडलं. उलटी धरली होती. वाचता येतं की नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही.

मी सांगायला पुढे झाले. मग थांबले. त्यांनी डाव्या हाताने, सावकाश, वही स्वतःच फिरवून सुलटी केली.